हात दाखवून अवलक्षण

पुण्याहून बंगळुरूकडे धावणारा राष्ट्रीय महामार्ग निपाणी, संकेश्वर, बेळगाव ह्या गावांना स्पर्श करीत जातो. बाजाराला, कचेरीला, कॉलेजाला अथवा इस्पितळाला निघालेला आमचा वाचक ह्या रस्त्यावर रोज कितीतरी वेळा एक लहानसा निर्णय घेत असतो : आपली मार्गिका सोडून शेजारच्या मार्गिकेत शिरावे की न शिरावे? निर्णय क्षणाचा असतो. परंतु तो चुकला तर त्याचा हिशोब न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. ह्या बाबतीत लोकांत एक समजूत इतकी खोल रुजली आहे की, तिचे खंडन करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती समजूत अशी की, इंडिकेटर लावला अथवा खिडकीतून हात बाहेर काढला म्हणजे वाट आपली झाली. मागून येणाऱ्याने आता आपले पाहून घ्यावे! 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण पूर्वजांनी मोटारींसाठी रचली नव्हती; पण आजच्या महामार्गावर ती शब्दशः खरी ठरत आहे.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११८ व्या कलमान्वये १९८९ साली रस्त्याचे नियम करण्यात आले आणि २०१७ साली त्यांची जागा अधिक तपशीलवार नियमांनी घेतली. १९८९ च्या नियमांतील आज्ञा साधी होती : जेथे मार्गिका आखलेल्या असतील तेथे चालकाने आपल्या मार्गिकेतच राहावे आणि योग्य इशारा दिल्यानंतरच ती बदलावी. 'इशारा दिल्यानंतरच' ह्याचा अर्थ 'इशारा दिला की पुरे' असा जो करील, तो कायद्याचा नव्हे, आपल्या सोयीचा अर्थ करीत आहे. इशारा ही सूचना आहे, परवाना नव्हे. आरशात पाहावे, इशारा द्यावा, मागच्यास तो कळावयास अवसर द्यावा, वाट मोकळी झाल्याची खात्री करावी आणि मगच रेघ ओलांडावी, हा क्रम आहे. आमच्याकडे बहुधा रेघ आधी ओलांडली जाते आणि इंडिकेटर, लागलाच तर, मागाहून लागतो!

२०१९ च्या दुरुस्तीने ह्या नियमांच्या भंगास ५०० ते १,००० रुपये दंड ठेवला. त्याच दुरुस्तीने १८४ व्या कलमातील 'धोकादायक चालविणे' ह्या शब्दांची फोड केली. कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनास ओलांडणे त्यात आले. आणि सक्षम व सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली उतरणारे, ज्याचा धोका अशा चालकास उघड दिसावा असे, कोणतेही चालविणे त्यात आले. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'सक्षम आणि सावध चालक' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. 'आमच्या रस्त्यावर रेघाच पुसल्या आहेत, मग मार्गिका कसली?' असे विचारणाऱ्यास हेच उत्तर आहे. रेघ पुसली म्हणून सावधपणाचे कर्तव्य पुसले जात नाही.

आता हे नियम न्यायालयात कसे लावले जातात? एकाच अपघाताची चौकशी दोन ठिकाणी होते आणि दोन्ही ठिकाणची तराजू निराळी असते. फौजदारी न्यायालयात बेदरकारपणा वा हयगय निःसंशय सिद्ध व्हावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम बेदरकार वाहन चालविण्यास, आणि १०६ वे कलम हयगयीने घडलेल्या मृत्यूस लागू होते. दुसऱ्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण शिक्षा मोठी म्हणून पुरावा सैल चालत नाही. कर्नाटकातीलच एका मालट्रकच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केले की, 'वाहन फार वेगात होते' एवढे म्हटल्याने बेदरकारपणा सिद्ध होत नाही. दुसरे ठिकाण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे. तेथे नुकसानभरपाई ठरते. आणि कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. म्हणून फौजदारी खटल्यातून चालक सुटला तरी मृताच्या वारसांचा दावा त्यामुळे आपोआप बुडत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे खचून घरी बसणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही ती मुद्दाम लिहीत आहोत.

न्यायाधिकरणापुढे खरा झगडा होतो तो दोषाच्या वाटणीचा. कोईमतूर येथील एका प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. २०१७ साली महामार्गावर एका मोटारीने अचानक ब्रेक लावला. मागून मोटारसायकलवर येणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागची बस त्याच्यावरून गेली. त्याचा पाय कापावा लागला. पत्नी गरोदर असून तिला ओकारी आल्याने आपण थांबलो, असे मोटारचालकाचे म्हणणे होते. कारण कोणाच्याही मनास पटेल असे आहे! परंतु न्यायालयाने म्हटले की, महामार्गावर वाहने वेगात असणारच. ज्यास थांबावयाचे आहे त्याने मागच्यांस इशारा दिला पाहिजे. दोष वाटला गेला तो असा : मोटारीवर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि पुरेसे अंतर न राखणाऱ्या त्या जखमी तरुणावरही २० टक्के. ह्या वीस टक्क्यांचा अर्थ काय? भरपाईच्या प्रत्येक रुपयातून वीस पैसे वजा. पाय गेला तो गेलाच. वर त्याच्या मोलातूनही पाचवा हिस्सा गेला.

प्रकरण थांबण्याचे होते, मार्गिका बदलण्याचे नव्हते, हे खरे. पण तत्त्व एकच आहे : चालत्या ओघात जो खंड पाडतो, त्यावर इतरांस सावध करण्याचे ओझे अधिक, आणि मागून येणाराही त्या ओझ्यातून सर्वस्वी सुटत नाही. एप्रिल २०१८ च्या एका निकालात मालट्रकच्या मागे अवघ्या दहा-पंधरा फुटांवर चाललेल्या मोटारीचा दोष सर्वोच्च न्यायालयाने मोटारीवरच ठेवला, कारण सुरक्षित अंतर राखण्याचा नियम तिने मोडला होता. उलट २०२४ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, केवळ दुसऱ्या वाहनास ओलांडण्याचा प्रयत्न केला, एवढ्यावरून कोणास निष्काळजी म्हणता येणार नाही. ह्या निकालांत विसंगती नाही. न्यायालय प्रत्येक वेळी तेच प्रश्न विचारते : पुढचे किती दिसत होते? अंतर किती होते? इशारा केव्हा दिला? मागच्यास सावरावयास वेळ मिळाला काय? दुसऱ्याच्या हयगयीने अकस्मात संकटात सापडलेल्या माणसाने त्या क्षणी सर्वोत्तम मार्ग निवडला नाही, म्हणून त्यास दोषी धरू नये, हेही न्यायालयाने २००२ साली मान्य केलेले आहे.

ह्या प्रश्नांची उत्तरे कोठून मिळतात? बहुधा पंचनाम्यातून, आणि येथेच आमचे लोक मार खातात. वाहने कोठे उभी होती, घसरणीच्या खुणा कोठून कोठवर होत्या, रेघ अखंड होती की तुटक, हे त्या कागदावर यावयास हवे. ज्या लिपीत पंचनामा लिहिला गेला ती आपणांस वाचता येत नसेल, तर तो जाणत्याकडून वाचून घेतल्याखेरीज सही करू नये. विमा कंपनीचा वकील नकाशातील वाहनांच्या जागेकडे बोट दाखवून अर्धा दोष मृताच्या माथी मारू पाहील, तर त्यास आठवण द्यावी की, दुसऱ्या पुराव्याचा आधार नसता केवळ त्या जागेवरून मृताचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे. आणि निपाणीच्या माणसास कागलजवळ अपघात झाला तरी त्याने परक्या जिल्ह्यात हेलपाटे घालावेत असे नाही. जेथे आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा लावण्याची मुभा १६६ व्या कलमाने दिली आहे.

परंतु न्यायालय येते ते रक्त सांडल्यावर. त्यापूर्वीचे काम सरकारचे आहे, आणि त्याबाबत आम्ही गप्प बसणार नाही. एका पावसाळ्यात पुसल्या जाणाऱ्या रेघा, उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या जोड-ट्रॉल्या, गावाच्या तोंडाशी एकाएकी अरुंद होणारा रस्ता. हे असेच राहू द्यावयाचे आणि सक्षम चालकाची कसोटी मात्र एकट्या नागरिकास लावावयाची, हा न्याय नव्हे. हेल्मेटसाठी चौकात उभा राहणारा पोलीस मार्गिका कापणाऱ्या आरामगाडीस किती वेळा अडवितो? परवाना देताना आरशात पाहण्याची परीक्षा कोण घेतो? दंडाची तरतूद पुस्तकात आहे. ती रस्त्यावर उतरली, तर न्यायाधिकरणातील पुष्कळशा फायली उघडाव्याच लागणार नाहीत.

सरकार जागे होईल तेव्हा होवो. आरसा तर आजही आपल्या हाती आहे. रस्त्यावरील पांढऱ्या रेघेला भाषा नाही, जात नाही, पक्ष नाही. ती सर्वांस एकच सांगते : पलीकडे दुसरा कोणी आहे. त्यास पाहून घ्या, त्यास कळू द्या, त्यास जाऊ द्या. मग खुशाल वाट बदला. दोन क्षण थांबल्याने कोणाचा बाजार बुडत नाही. न थांबल्याने घरचा कर्ता जातो, आणि मागे उरलेल्यांना त्याच्या दोषाचे टक्के मोजीत न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.