तुटलेली रेघ तुटकच काढा

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. जळगाव-धुळ्यातल्या आपल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. नवे आहे ते गिऱ्हाइकाच्या पिशवीतून उताऱ्यांबरोबर निघणारे दुसरे भेंडोळे, म्हणजे पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाने केलेल्या डीएनए चाचणीचा रिपोर्ट. आणि मागणी अशी: "भाऊ, कागद पणजोबापाशी अडला. पुढचं याच्यावरून जोडून द्या."

जोडून देऊ नका, एवढेच या महिन्यात सांगायचे आहे. का, ते मात्र सविस्तर सांगायला हवे.

कागद अडतो म्हणजे कुठे अडतो? गाव नमुना १४, आपले कोतवाल बुक घ्या. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात, तारीख मिळते. पोराचे नाव बहुतेकदा नसतेच, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे असते. "दगडू बिन उखर्डू यास मुलगा", संपले. पोराचे नाव उगवते ते काही वर्षांनी, शाळेच्या जनरल रजिस्टरात, आणि तोवर आडनावाच्या जागी 'पाटील' येऊन बसलेले असते. खानदेशात लेवा, मराठा, गुजर, कोळी, राजपूत सगळ्यांत पाटील आहेत. मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, भिका, उखर्डू अशी नावे ठेवण्याची रीत, त्यामुळे एकाच गावात तीन दगडू निघाले तरी नवल नाही. कोतवाल बुकातला 'मुलगा' आणि शाळेतला अमुक पाटील एकच, हे कुठेच लिहिलेले नसते. ते आपण ठरवतो. मोडीत इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसतात आणि फसली सनात ५९० मिळवायचे की ५९१ हे महिन्यावर ठरते. म्हणजे ठरवताना चुकायला जागा भरपूर.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. दप्तर कुठल्या कचेरीत सापडेल याचे उत्तर यावर अवलंबून असते. हे आपणा सर्वांना पाठ आहे.

भाटांच्या वह्यांत पिढ्या भरघोस मिळतात, पण त्या बिदागीवर चालल्या. ज्या घराने भाटाला रिकाम्या हाताने परत पाठवले, त्याची शाखा वहीत खुंटली असणार. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळी मला त्याहून भरवशाच्या वाटतात. तिथे आलेला माणूस स्वतः आपल्या बापाचे, भावांचे नाव सांगतो आणि त्यात त्याचा कसला फायदा नसतो.

आता डीएनए. सख्ख्या चुलत भावंडांत साधारण १२.५ टक्के अंश सामाईक निघतो, त्यांच्या मुलांमध्ये ३ टक्क्यांच्या आसपास आणि त्यापुढच्या पिढीत एक टक्काही नाही. त्या पिढीतल्या दहापैकी एखाद्या जोडीत तर काहीच जुळत नाही. म्हणजे कागद जिथे अडतो, नेमकी तिथेच या चाचणीचीही नजर मंदावते. त्यात आपली लग्ने. मामाच्या मुलीशी लग्न झाले की त्या जोडप्याच्या पोराला आठ पणजोबा-पणज्यांऐवजी सहाच उरतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातले अडीचशेहून अधिक समाजगट तपासले. त्यातल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांहून किंवा अश्केनाझी ज्यूंहूनही ठळक निघाला. अशा समाजात चौथ्या-पाचव्या पिढीतला माणूसही रिपोर्टात जवळचा भाऊबंद दिसतो. आणि कंपनीने दिलेली मूळ प्रदेशांच्या टक्केवारीची रंगीत चकती? ती फ्रेम करून भिंतीवर लावावी.

मग उपयोग कशाला? प्रश्न नेमका असेल तर. दोन गावांतले एकाच देवकाचे भाऊबंद एकाच पुरुषाचे वंशज आहेत का, हे बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र सांगू शकते. तो पुरुष पाच पिढ्यांमागचा की नऊ, हे ठामपणे सांगत नाही. दत्तक आला असेल तर तिथे धागा तुटतो, पण दत्तकाने वारसा तुटत नाही. आईकडची बाजू तर आपल्या वंशावळीत नसतेच. असोद्याच्या महाजनांची लेक बहिणाबाई चौधरींच्या घरी आली. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा वारसा त्यांचा मुलगा सोपानदेव यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांच्यापाशी थांबला, कारण तो पुढे न्यायचे काम मुलींकडे, म्हणजे त्यांची बहीण काशी हिच्याकडे. आपल्या कागदात अशा बायका 'कोम अमुक', म्हणजे अमक्याची बायको, एवढ्याच उरतात. इथे चाचणी खरोखर नवे काही देते.

जात पडताळणीत मात्र तिचे काम नाही. पडताळणी समिती वडिलांकडचे रक्तनाते मागते, पण ते रक्तात तपासत नाही. शपथपत्रावरची वंशावळ, महसुली उतारा आणि शाळेचा दाखला यांवरच ते सिद्ध होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख पाहिली जाते, गुणसूत्र नव्हे. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच बैठकीत सांगावे. त्याचे पैसे वाचतात.

संमतीचेही तसेच. एकाने नळीत थुंकले की त्याच्या काका-पुतण्यांचीही माहिती बाहेर जाते. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाचणीतून बाप वेगळा निघाला तर कोणाला सांगायचे, हे घरातल्यांशी आधीच बोलून कागदावर घ्या.

पुढच्या अंकापासून आमच्याकडे छापायला येणाऱ्या वंशावळीत प्रत्येक जोडापुढे पुरावा लिहिलेला हवा: दप्तर, गाव, सन, पान. अंदाजाचा जोड तुटक रेघेने दाखवावा. डीएनएचा आधार असेल तर चाचणी कोणत्या प्रकारची, किती सेंटिमॉर्गन (सामाईक अंशाचे माप) जुळले आणि संमती कोणाकोणाची, हे नावे गाळून कळवावे. एवढे नसलेली वंशावळ परत पाठवली जाईल, टपालखर्च आमचा.