उरणच्या नव्या घरांतील खिडक्यांविषयी जाहीर आवाहन

१९८४ च्या शेतकरी आंदोलनातून उरण-पनवेलच्या प्रकल्पग्रस्तांच्या पदरी साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क पडला आणि आज द्रोणागिरी परिसरात उभ्या राहणाऱ्या अनेक इमारती याच भूखंडांवर, भूखंडधारक व विकासक यांच्यातील करारातून बांधल्या जात आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि उरणपर्यंतच्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाल्यानंतर या वस्तीला आणखी जोर आला असून, अशा करारांत चटईक्षेत्र आणि वाहनतळ यांच्या जोडीने खिडकीचे मापही लिहून घ्यावे, यासाठी हे आवाहन आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘इको निवास संहिता’ ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. थंड देशांतील मानके घरातील ऊब राखण्यावर भर देतात, परंतु उरणसारख्या उष्ण-दमट किनाऱ्यावर ऊन बाहेर ठेवणे आणि वारा आत घेणे ही दोन्ही कामे खिडकीलाच करावी लागतात. म्हणूनच अशा हवामानात प्रत्यक्ष उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावे असे संहिता सांगते. ४८ चौरस मीटरच्या घराला त्यानुसार ८ चौरस मीटर उघडे क्षेत्र लागते. सर्वत्र बसवली जाणारी दोन पट्ट्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडत असल्याने केवळ तिच्यावर भिस्त ठेवल्यास १६ चौरस मीटरच्या खिडक्या बसवाव्या लागतील, तर झडपांची खिडकी सुमारे ९० टक्के उघडत असल्याने ९ चौरस मीटरच्या आसपास भागते. खुल्या बाल्कनीत उघडणारा दरवाजाही या हिशेबात धरला जातो. जिन्याच्या मार्गिकेत उघडणारा धरला जात नाही.

भिंती व खिडक्यांतून, छत वगळून, घरात शिरणाऱ्या उष्णतेची मर्यादा संहितेने बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅट ठेवली आहे. ती पाळण्यासाठी काळी काच लावणे हा उपाय नव्हे, कारण खिडक्यांनी बाहेरील भिंतीचा ३० टक्क्यांपर्यंत भाग व्यापला असेल, तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत यावा अशीही अट आहे. काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी आत येणारा वाटा, म्हणजे सौर उष्णता-लाभ गुणांक, कमी करण्याचा स्वस्त मार्ग काचेच्या बाहेरची सावली हाच आहे. दक्षिणेला पुरेसा खोल छज्जा उपयोगी पडतो; पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून घुसते, तिथे उभे पाखे किंवा बाहेरच्या झिलमिल्या हव्यात.

गावठाणांतील लहान भूखंड संहितेच्या कक्षेबाहेर राहतात, तरी ऊन आणि दमटपणा त्यांनाही चुकत नाही; तेथील घरमालकांनी हीच मापे स्वेच्छेने पाळावीत. भूखंडधारकांनी करारावर सही करण्यापूर्वी, तर सदनिका घेणाऱ्यांनी नोंदणीच्या रकमेपूर्वी, वास्तुविशारदाकडून उघडत्या क्षेत्राचा हिशेब आणि काचेचा गुणांक लेखी मागावा, आणि तो मिळेपर्यंत सही करू नये.