रसद पुरविणाऱ्याचे मोल

सैन्य पोटावर चालते, हे वचन नेपोलियनच्या नावावर सांगितले जाते. ते त्याचे असो वा नसो, त्या पोटाची चिंता वाहणाऱ्यांच्या वाट्याला त्याच्या काळात काय आले, हे पाहण्यासारखे आहे. ‘स्तांदाल’ या टोपणनावाने पुढे जगद्विख्यात झालेला फ्रेंच कादंबरीकार आंरी बेल हा काही वर्षे सैन्याचा रसद अधिकारी होता. त्याच्या त्या कारकिर्दीत शासनव्यवस्थेचा एक जुना दोष स्पष्ट दिसतो.

१७८३ साली जन्मलेल्या बेलला १८०६ मध्ये साहाय्यक रसद अधिकाऱ्याची हंगामी नेमणूक मिळाली, ती परीक्षा देऊन नव्हे. सैन्याच्या रसदव्यवस्थेचा प्रमुख पिएर दारू हा त्याचा नातलग होता. वशिल्याने आलेल्या या तरुणावर जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे जिंकलेल्या मुलखातून सैन्याची तरतूद करण्याचे काम सोपविण्यात आले. धान्य, चारा, वाहने, रुग्णालये यांची व्यवस्था आणि त्यासाठीची वसुली हा अशा अधिकाऱ्याचा व्याप असे. अधिकार मोठा, पण पद मात्र आश्रयावर टिकलेले, अशी ही विसंगती होती.

१८१२ च्या रशियन मोहिमेत तिची कसोटी लागली. विरळ वस्तीच्या आणि जाळून उजाड केलेल्या प्रदेशात स्थानिक वसुलीवर जगण्याची नेपोलियनची रीत निरुपयोगी ठरली. ऑक्टोबरात मॉस्कोहून माघार सुरू झाली, तेव्हा स्मोलेन्स्क परिसरातील राखीव धान्यसाठ्याची जबाबदारी बेलवर होती. या वाटेवर ओर्शा येथे आपण सैन्याला भाकरी पुरविली, असे त्याने पुढे लिहून ठेवले. त्यात आत्मस्तुतीचा अंश असेलही. पण त्या हिमवर्षावात एका भाकरीचे मोल एखाद्या तोफेहून कमी नव्हते.

१८१४ मध्ये साम्राज्य कोसळले आणि त्याबरोबर बेलची नोकरीही गेली. अर्धवेतन म्हणून वर्षाला सुमारे ९०० फ्रँक एवढीच रक्कम हाती उरली. वशिल्याने मिळालेली जागा आश्रयदात्यांच्या सत्तेबरोबर संपते, हा धडा त्याला महागात पडला.

रसदखात्यातील माणसे लबाड असत, त्यांची कीव कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. पुरवठ्याच्या व्यवहारात अनेकांनी हात ओले करून घेतले. परंतु हा दोष केवळ माणसांचा मानता येणार नाही. अमर्याद वसुलीचा अधिकार, अपुरी तपासणी आणि उद्याची शाश्वती नसलेले पद ही तिन्ही एकत्र आली म्हणजे प्रामाणिकपणा हा अपवाद ठरतो. १८०७ मध्ये खासगी कंपनीची वाहतूक अपुरी पडल्यावर नेपोलियनने सरकारी वाहतूक दल उभारले. गाड्यांच्या बाबतीत जे उमगले, ते माणसांच्या बाबतीत पुरते उमगले नाही.

कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या, त्याची निवड गुणांवर व्हावी, वेतन नियमाने ठरावे आणि हिशेब वेळच्या वेळी तपासला जावा. यांपैकी एकही गोष्ट वगळून उरलेल्या दोहोंची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. दुष्काळात वा महापुरात धान्य वाटणाऱ्या कारकुनालाही हाच न्याय लागू पडतो.

१८३९ च्या ‘पार्म’वरील आपल्या कादंबरीत स्तांदालने वॉटर्लूचे रण रंगविले. त्यातील भांबावलेल्या तरुण नायकाला सांभाळून घेते ती सैन्यामागून गाडी हाकणारी एक खाद्यपेये विकणारी बाई, कोणी सेनापती नव्हे. रसदीचे काम केलेल्या लेखकाला युद्धातील खरा आधार कोठे असतो, हे ठाऊक होते.