नकार द्या, पण कारण लिहून द्या
परदेशातील जोडीदाराच्या भेटीसाठीचा व्हिसा वारंवार नाकारला जाण्याबाबत परभणी जिल्ह्यातील कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी
यांच्यामार्फत : मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन, मा. परराष्ट्र मंत्री व मा. गृहमंत्री, भारत सरकार
माहितीसाठी प्रत : जिल्ह्यातील सर्व लोकप्रतिनिधी

महोदय,

व्हिसा द्यायचा की नाही, हा ज्या त्या देशाचा अधिकार. तो आम्हाला मान्य आहे. जिल्हाधिकारी कचेरीतून कुणाला ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही, एवढे आम्हालाही कळते. तरी हे पत्र घेऊन पहिल्यांदा आपल्याच दारी आलो आहोत, कारण नकारपत्र मुंबईत नाहीतर सातासमुद्रापार टाइप होत असले तरी त्यातले निम्मे कारण गंगाखेड, सेलू, जिंतूर, पाथरीच्या तहसिलीत आणि ग्रामपंचायतीत तयार झालेले असते.

अशा कुटुंबांच्या आमच्या संघटनेत दोन तऱ्हेची घरे आहेत. पहिल्या घरांतला नवरा किंवा बायको शिकायला अथवा कामाला परदेशी गेली आहे आणि जोडीदार इथे आहे. पूर्वी बहुतेकांना जोडीदार सोबत नेता येई. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून, संशोधनासारखे थोडे अभ्यासक्रम सोडले तर, नव्या परदेशी विद्यार्थ्यांना ती मुभा ठेवली नाही. ११ मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या केअर वर्करनाही नाही. म्हणजे भेटीचा व्हिसा हाच एक रस्ता उरला, आणि त्या रस्त्यावर पहिला प्रश्न असतो : नवरा तिकडे असताना तुम्ही परत कशाला याल?

दुसऱ्या घरांतला जोडीदार परदेशी नागरिक आहे. लग्न ठरले आहे किंवा झाले आहे, आणि परभणीच्या मुलाला तिकडे किंवा तिकडच्या मुलीला इकडे येऊ दिले जात नाही. ही घरे थोडी आहेत. त्यांच्याबद्दल गावात कुजबूज जास्त आणि मदत कमी, म्हणून त्यांचे म्हणणे या पत्रात आवर्जून घेतले आहे.

आता नकाराचे स्वरूप पाहावे. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(ब) प्रमाणे भेटीला येणारा प्रत्येक जण तिथे कायम राहायलाच आला आहे असे आधी धरले जाते. तसे नाही, हे अर्जदाराने पटवायचे. काही मिनिटांची मुलाखत, हातात छापील कागद, अपील नाही. पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा १८५ डॉलर, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास रुपये. ज्या पत्नीचा कायम वास्तव्याचा अर्ज नवऱ्याने आधीच भरून ठेवला आहे, तिची पंचाईत तर आणखी मोठी : तो अर्जच तिच्या विरोधातला पुरावा ठरतो. कॅनडाच्या कायद्यात मात्र कलम २२(२) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की पुढे कायम राहण्याची इच्छा असली तरी आत्ता तात्पुरते येऊन जाण्याला ती आड येत नाही. मुदत संपल्यावर परत जाण्याची खात्री तिथेही पटवावी लागतेच, पण निदान इच्छा हा गुन्हा धरलेला नाही.

ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना नकाराविरुद्ध अपील करता येत असे. ती सोय २५ जून २०१३ ला गेली. युरोपातल्या शेंगेन देशांत कायद्याने कारण कळवणे आणि अपिलाची वाट ठेवणे बंधनकारक आहे, पण कारण म्हणजे छापील तक्त्यातल्या एका चौकटीत केलेली खूण. जर्मनीने फेरविचाराचा विनाशुल्क अर्ज १ जुलै २०२५ पासून बंद केला. आता थेट तिकडचे न्यायालय. पालम तालुक्यातल्या माणसाने बर्लिनला वकील लावावा, अशी ही व्यवस्था. २०२४ या एका वर्षात शेंगेन देशांनी भारतातून आलेले १ लाख ६५ हजारांहून जास्त अर्ज नाकारले. साधारण शंभरातले पंधरा. दर अर्जाला ९० युरो, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत.

या सगळ्या नकारपत्रांचा सूर एकच असतो : मायदेशाशी तुमचे बंध पुरेसे दिसत नाहीत.

आमच्या एका सभासद भगिनीची फाइल आम्ही बैठकीत सतरंजीवर उलगडून पाहिली. सेलू तालुक्यातले घर. सासू-सासरे, दोन लेकरे, जनावरे, विहीर. फाइलीत सातबारा होता, पण सासऱ्यांच्या नावाचा. आठ-अ त्यांचाच. सोसायटीच्या पीककर्जाचा दाखला त्यांचाच. आडतीवर सोयाबीन घातल्याच्या काटापट्ट्या होत्या. निम्म्यांवर शिक्का पुसट. आयकराचे विवरणपत्र नव्हते, कारण आयकर कायद्याप्रमाणे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि ज्याला दुसरे उत्पन्न नाही तो विवरणपत्र कशाला भरेल? पासबुकात नोव्हेंबरात एकदा मोठी रक्कम, नंतर रब्बीची पेरणी, मजुरी, शाळेची फी, आणि मे महिन्यात शिल्लक चार आकडी. अर्ज केला होता मे महिन्यात, लेकरांना सुट्ट्या म्हणून. दर महिन्याला पगार जमा झालेला पाहण्याची सवय असलेल्या अधिकाऱ्याने या पासबुकातून काय वाचायचे? त्याने वाचले ते एवढेच, की नियमित उत्पन्न नाही.

पुढची गोष्ट जास्त वाईट. एजंटाने सल्ला दिला, खात्यावर पैसा दाखवा. भावाने, दिराने, मावशीने मिळून पाच लाख जमा केले. दुसऱ्या नकारात कारण आले : अलीकडे जमा झालेल्या रकमेचा स्रोत स्पष्ट नाही. पहिल्या नकारावरचे औषधच दुसऱ्या नकाराचे कारण झाले. तिसऱ्या अर्जात मागचे दोन्ही नकार लिहावे लागले आणि तिसरा नकार त्यांच्यासकट आला. जी बाई सासऱ्यांचे औषधपाणी, लेकरांची शाळा आणि आठ एकरांची राखण सोडून चार आठवड्यांपलीकडे कुठे राहूच शकत नाही, तिचे बंध कमी भरले, कारण ते तिच्या नावावर कुठेच लिहिलेले नव्हते.

हे आमच्या प्रशासनाला दुरुस्त करता येण्यासारखे आहे. म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी मागणी जिल्हाधिकारी महोदयांकडेच आहे. तहसील स्तरावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत एकच एकत्रित दाखला मिळावा. त्यात कुटुंबाची जमीन, तीत अर्जदाराचा नात्याने येणारा संबंध, प्रत्यक्ष वास्तव्य, अर्जदारावर अवलंबून असलेली माणसे, आणि उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा, पिकाच्या हंगामात येते ही नोंद असावी. आज उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हटले की तो कमी कसा दिसेल हे पाहण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, शिष्यवृत्ती आणि सवलतींपायी. तोच दाखला व्हिसाच्या फाइलीत लागला की घर तोंडघशी पडते. तेव्हा उत्पन्न खरे लिहावे, आणि खरे लिहिल्याने कुणाची शिष्यवृत्ती गेली तर ती गेली. आमच्या सभासदांनी हे बैठकीत मान्य केले आहे, थोडी कुरकुर झाली तरी. हा दाखला २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित करावा, म्हणजे मुदत ठरेल आणि मुदतीत न मिळाल्यास अपील करता येईल.

याच मागणीत नावांचा प्रश्न येतो. सातबाऱ्यावर बाईचे नाव आडनावाशिवाय, ‘भ्र.’ लावून पुढे नवऱ्याचे नाव. आधारवर सासरचे आडनाव. पासपोर्ट लग्नाआधी काढलेला म्हणून त्यावर माहेरचे. आपल्या तलाठ्याला यात काही वावगे दिसत नाही, कारण तो बाईला ओळखतो. परक्या अधिकाऱ्याला तीन वेगळ्या बायका दिसतात. या तिन्ही नावांची व्यक्ती एकच, असे तहसीलदारांच्या सहीने त्या दाखल्यात नमूद व्हावे. प्रत्येक वेळी नोटरीकडे बाँड करायला लावू नये. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून कागदावर आहे. तिची शिबिरे जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत घ्यावीत. व्हिसा मिळो न मिळो, नाव लागलेले वाया जाणार नाही.

विवाह नोंदणीबद्दल थोडक्यात. १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीतही नोंदणी होते, पण अजून कैक जोडप्यांची झालेली नाही आणि झाली त्यांना इंग्रजी प्रत मिळवताना हेलपाटे पडतात. ग्रामपंचायतीने दोन्ही भाषांतले प्रमाणपत्र एकाच वेळी द्यावे.

राज्य शासनाकडे दुसरी मागणी एजंटांबाबत. खोटे बँक स्टेटमेंट, खोटा नोकरीचा दाखला जोडून देणारे आणि ‘शंभर टक्के व्हिसा’ असे फलक लावणारे लोक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. कागद खोटा निघाला तर एजंटाचे काही जात नाही. अर्जदारावर मात्र ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, कॅनडात पाच वर्षांची बंदी येऊ शकते आणि अमेरिकेत दरवाजा कायमचाच बंद होऊ शकतो. केंद्राचा १९८३ चा उत्प्रवास कायदा परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटांची नोंदणी करतो. भेटीच्या व्हिसाचा सल्ला विकणारा त्यातून सुटतो. पंजाबने २०१२ मध्येच अशा व्यावसायिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. महाराष्ट्रानेही करावा आणि तोवर जिल्हा पोलिसांनी अशा तक्रारी ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवू नयेत.

परराष्ट्र मंत्रालयाकडे आमचे मागणे एका गोष्टीवर येऊन थांबते : लेखी कारण. कॅनडाने जुलै २०२५ पासून अनेक नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणी जोडायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात जोडीदार तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर भेटीच्या व्हिसाच्या नकाराविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. म्हणजे हे अशक्य नाही. द्विपक्षीय वाणिज्य दूत स्तरावरच्या बोलण्यांत पती-पत्नीच्या भेटीच्या अर्जांवर ठोस, त्या अर्जापुरते कारण द्यावे, आणि आधीचा नकार हा एकटाच पुढच्या नकाराचा आधार होऊ नये, असा आग्रह भारताने धरावा. अशा नकारांची नोंद करण्याची सोय ‘मदद’ पोर्टलवर व्हावी. आज तिथे परदेशात अडकलेल्या भारतीयाची तक्रार घेतात. इथे अडकलेल्या जोडीदारासाठी खिडकी नाही.

जुनी नोंद माणसाच्या मागे कशी लागते याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकारक म्हणून परागंदा झाले, मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, बेल्जियन स्त्रीशी त्यांचे लग्न झाले. देश स्वतंत्र झाल्यावर परत यायला निघाले तर व्हिसा आधी नाकारला गेला, कारण ब्रिटिश सरकारची बंदी कागदावर तशीच होती. ती नंतर उठली आणि ते नागपूरला स्थायिक झाले. ज्या राजवटीविरुद्ध ते लढले तिची नोंद तिच्या पश्चातही चालू राहिली.

म्हणूनच पुढची मागणी गृह मंत्रालयाकडे, म्हणजे आपल्याच सरकारकडे. परक्यांकडून कारण मागताना आपणही ते द्यावे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ५(३) प्रमाणे भारतीयाला पासपोर्ट नाकारला तर, देशहिताच्या काही बाबी वगळता, कारण नोंदवून मागितल्यावर प्रत द्यावी लागते. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला व्हिसा नाकारतानाही हाच न्याय लावावा. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. त्याखालच्या सूचनांत ही तरतूद सहज बसेल. लग्न न झालेल्या जोडप्यांचा पेच वेगळा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने परभणीत नोटीस देऊन तीस दिवस थांबावे लागते. परदेशी मुलीला व्हिसा नाही म्हणून लग्न नोंदता येत नाही, आणि लग्न नोंदलेले नाही म्हणून तिकडचा अधिकारी नाते धरत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दाखल झाल्याची पोच हा या नात्याचा पुरावा मानून भारतीय दूतावासांनी त्या मुदतीपुरता व्हिसा विचारात घ्यावा.

शेवटी एक सोयीची मागणी. व्हिसाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी आज रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागते, नाहीतर पुणे. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथे महिन्यातून ठरावीक दिवस तरी ही सोय व्हावी, यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने संबंधित दूतावासांशी बोलावे.

आमच्याकडून आम्ही लिहून देतो की संघटनेचा सभासद खोटा कागद जोडणार नाही, उसनी रक्कम खात्यात फिरवणार नाही, आणि जो भेटीला जाऊन मुदतीत परत येईल तो त्याच्या परतीच्या शिक्क्याची प्रत आमच्याकडे जमा करील. ती नोंदवही आम्ही कोणत्याही दूतावासाला, सभासदांच्या संमतीने, दाखवू. मुदत मोडून राहणाऱ्याची बाजू संघटना घेणार नाही.

एकत्रित दाखल्याचा कच्चा मसुदा आणि नावे झाकलेल्या नकारपत्रांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. मसुद्यावर चर्चेसाठी निवासी उपजिल्हाधिकारी, नऊ तालुक्यांचे तहसीलदार आणि संघटनेचे प्रतिनिधी यांची बैठक खरिपाची कामे सुरू होण्याआधी बोलवावी, ही विनंती. त्यानंतर आमची निम्मी माणसे शेतात असतील.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
परभणी