पेढी बंद, फोन चालू

हिंगोलीच्या मोंढ्यात सायंकाळ झाली की एकामागून एक शटर खाली येऊ लागतात. रोकड मोजली जाते, कीर्द मिटली जाते, हमाल आपापल्या घरी जातात. पूर्वी शटर पडले की दुकान संपे आणि घर सुरू होई. आता शटर पडल्यावर दुकान मालकाच्या खिशात बसून घरी येते. तो ताटावर बसतो न बसतो तोच सांगली-निजामाबादचे हळदीचे भाव येतात, मालमोटार कोठे अडकली याचा निरोप येतो, कर सल्लागाराची आठवण येते. ही कामे दहा मिनिटांत उरकतात. बोट मात्र पडद्यावर पुढे सरकतच राहते. समोर नातू काही सांगू पाहतो, त्याला ‘एक मिनिट थांब’ असे उत्तर मिळते. पुढे काही दिवसांनी नातू थांबत नाही, तोही आपला फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातो.

या स्थितीला एकट्या मोबाइलला जबाबदार धरणे न्यायाचे होणार नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा चलनातून गेल्या, आणि व्यापाऱ्याला फोनशिवाय उधारी वसूल करणे अवघड झाले. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि मुलांच्या हाती फोन देण्यावाचून आईवडिलांना गत्यंतर उरले नाही. प्रत्येक वेळी फोन घरात आला तो गरज म्हणून. गरज भागल्यावरही तो राहिला तो सवय म्हणून. गरजेचा हिशेब ठेवणारी मंडळी सवयीचा हिशेब ठेवायला विसरली.

या सवयीशी महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ मध्ये दोन वेगळ्या रीतींनी सामना केला. पहिले गाव हिंगोलीच्या शेजारचेच. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर महिन्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालणारा ठराव केला. दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. तीन हजारांच्या आसपास लोकवस्तीच्या या गावाने त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास निराळा मार्ग धरला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजे. तो वाजला की घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे, असे ठरले. आरंभी अनेकांना हे अशक्य वाटले. तेव्हा आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि त्यांनी लोकांची समजूत घातली.

दोन्ही गावांची काळजी एकच होती आणि ती खरीही होती. तरी वडगावच्या रीतीत दोन गोष्टी अधिक आहेत. पहिली म्हणजे तेथे मुलांना वेगळे काढलेले नाही. भोंगा आजोबांसाठी वाजतो, वडिलांसाठी वाजतो आणि शाळकरी मुलासाठीही वाजतो. ज्या घरात वडील हातात फोन धरून मुलाला ‘फोन ठेव’ असे बजावतात, त्या घरात मूल शब्द ऐकत नाही, हात पाहते. दुसरी म्हणजे तेथे फोनचा त्याग सांगितलेला नाही, त्याला वेळेची मर्यादा घातली आहे. मर्यादा पाळता येण्याजोगी असते, म्हणून ती टिकण्याची आशा असते.

जैन घरांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा नियम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे त्यासाठी कधी पहारेकरी नेमावा लागला नाही. आजी पाळत होती, आई पाळत होती, म्हणून मुलाच्या अंगी ते आपोआप वळले. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. वडगावचा दीड तास म्हणजे दोन सामायिकांहूनही थोडा कमीच. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे, म्हणजे प्रयोजनावाचून घडणाऱ्या दोषापासून दूर राहणे. फोनच्या बाबतीत याहून नेमकी कसोटी शोधून सापडणार नाही. बाहेरगावी दिलेल्या लेकीशी बोलणे, मालाचा दाखला पाठवणे, आजाऱ्यासाठी डॉक्टरांना विचारणे हे सप्रयोजन. कशासाठी उघडला हेच आठवू नये आणि अर्धा तास निघून जावा, हे निष्प्रयोजन.

व्यापारी घरातून लगेच शंका निघते की गिऱ्हाइकाचा फोन आला तर काय. शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर मोंढ्यातच आहे. हळदीचे बीट दिवसा होते. रात्री आठ वाजता कळलेल्या भावावर त्या रात्री कोणी एक पोतेही तोलत नाही. तो भाव सकाळी सहाला कळला तरी व्यवहार तोच राहतो, फक्त रात्रीची झोप शाबूत राहते. ज्यांना जमेल त्यांनी दुकानाचा क्रमांक वेगळा ठेवावा आणि तो फोन गल्ल्यापाशीच सोडून यावा. घरातला एक फोन मोठ्या आवाजावर बैठकीत असू द्यावा, म्हणजे अडीअडचणीचा निरोप चुकणार नाही. बाकीचे फोन ठरलेल्या वेळी एका कपाटात जावेत आणि पहिला फोन घरातील कर्त्या पुरुषाचा असावा. गजरासाठी साधे घड्याळ आणावे, म्हणजे उशाशी फोन ठेवण्याचे निमित्तही उरणार नाही.

यातून मिळणारा लाभ केवळ मुलांच्या गुणपत्रिकेत दिसेल असे नाही. अलीकडे ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची फसवणूक देशभर बोकाळली. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून भामटे माणसाला तासन्‌तास पडद्यासमोर बसवतात आणि ‘घरात कोणाला सांगू नका’ असे बजावतात. अशी अटक कायद्यात कोठेही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याबद्दल देशाला सावध केले. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. परंतु त्या भामट्याचे सारे भांडवल एकच असते, ते म्हणजे घरातील माणसाचे एकटेपण. जेथे रोज रात्री सगळे एकत्र बसून दिवसभराचे सांगतात, तेथे आजोबांचा उतरलेला चेहरा सुनेच्या लक्षात येतो आणि ‘काय झाले?’ हा प्रश्न वेळेवर विचारला जातो.

धंद्याचेही तसेच आहे. कोणत्या गावचा शेतकरी शब्दाला पक्का, कोणत्या साली हळद का पडली, कोणाची उधारी अडचणीच्या काळात माफ केली आणि त्याने पुढे ती कशी फेडली, ही खतावणी कोणत्याही यंत्रात उतरलेली नाही. ती वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे आणि जेवणानंतरच्या गप्पांतच पुढच्या पिढीच्या हाती येते. त्या गप्पा थांबल्या तर मुलाला पेढी मिळेल, पत कशी जपावी हे मात्र कळणार नाही.

दिवसाची कीर्द मिटल्याशिवाय व्यापारी दुकानातून उठत नाही, कारण न मिटलेली वही दुसऱ्या दिवशी घोटाळा करते. फोनही असाच रोज मिटायला हवा. गावाने भोंगा बसवण्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक घरात भिंतीवर घड्याळ आहे आणि त्यात साडेसात रोज वाजतात.