कुलूप काढून द्या : मार्क झकरबर्ग यांना खुले पत्र

श्री. मार्क झकरबर्ग,
मेटा, मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया



२८ ऑक्टोबर २०२१ रोजी तुम्ही कंपनीचे नाव बदलून मेटा केलेत. लोकांच्या भेटीगाठी, कामकाज, खरेदी, करमणूक सगळे मेटाव्हर्स नावाच्या आभासी जगात होणार, असे त्या दिवशी जगाला सांगितले गेले. तो गाजावाजा आता ओसरला आहे. तुमच्या रिअॅलिटी लॅब्ज विभागाला २०२४ या एकाच वर्षात १७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. २०२६च्या जानेवारीत तिथे मोठी नोकरकपात झाली, आर्मेचर, सान्झारू आणि ट्विस्टेड पिक्सेल हे तीन गेम स्टुडिओ बंद झाले, आणि संस्थांसाठीच्या क्वेस्ट हेडसेटची वेगळी विक्रीही थांबवत असल्याचे जाहीर झाले. पैसा आता एआयकडे आणि एआय चष्म्यांकडे वळला आहे. कंपनी तुमची, पैसा कुठे लावायचा हे तुम्ही ठरवा. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण जी यंत्रे तुम्ही आधीच लोकांना विकली आहेत, ती तुमचा रस संपल्यावरही चालत राहतील अशी सोय करा. एवढ्यासाठीच हे पत्र.

व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, संपले, असे आता सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. १९९५मध्ये निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉय हे डोळ्यांना लावायचे खेळयंत्र बाजारात आणले आणि वर्षभरातच गुंडाळले, तेव्हाही असेच म्हटले गेले होते. पण त्याच सुमारास सिअॅटलमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन भाजलेल्या रुग्णांना हेडसेट घालून पाहत होते.

भाजलेल्या माणसाची जखम रोज धुवावी लागते. चिकटलेली पट्टी सोडवायची, मेलेली कातडी खरवडून काढायची, पुन्हा पट्टी बांधायची. मॉर्फिनसारखी औषधे देऊनही त्या वेळी रुग्ण कळवळतो, आणि उद्या पुन्हा हेच होणार हे त्याला ठाऊक असते. हॉफमन-पॅटरसन यांच्या प्रयोगांतून पुढे ‘स्नोवर्ल्ड’ तयार झाले. रुग्ण एका बर्फाळ घळीतून हळूहळू पुढे सरकतो आणि समोरच्या हिममानवांवर, पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारत राहतो. नर्सचे काम चालूच असते, पण तिचे हात आणि चिमटे त्याला दिसत नाहीत. वेदना जाणवायलाही लक्ष लागते, आणि ते लक्ष घळीत गुंतलेले असते. वेदना कमी झाल्याचे रुग्णांनी सांगितले. पुढे मेंदूच्या स्कॅनमध्येही वेदनेशी निगडित भागांची हालचाल मंदावलेली दिसली. हे सगळे बाजारात व्हीआरला कोणी विचारत नव्हते त्या वर्षांत झाले. उंचीच्या भीतीवर व्हीआरने उपचार करण्याचे मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम यांचे कामही त्याच काळातले. आणि तुमच्या नामांतराला महिना उलटायच्या आत, नोव्हेंबर २०२१मध्ये, अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने (एफडीए) जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचाराला मंजुरी दिली. त्या बातमीचा तुमच्या घोषणेइतका डंका वाजला नाही, पण माझ्या लेखी ती अधिक मोलाची आहे.

माणसे अर्धा किलोचे यंत्र चेहऱ्यावर बांधून दिवसभर कचेरीचे काम करतील, ही अपेक्षाच चुकीची होती. पडद्यावरची वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण भिंगांमुळे नजर मात्र एका ठरावीक अंतरावरच स्थिरावलेली राहते. त्या ओढाताणीत डोळे थकतात. दहा-वीस मिनिटांच्या, नेमक्या कामासाठी हे यंत्र अप्रतिम आहे. मलमपट्टी, फिजिओथेरपी, शस्त्रक्रियेचा सराव, एखादा उत्तम खेळ. अशा वापराला दरवर्षी नवे मॉडेल लागत नाही. एकच यंत्र दहा वर्षे भरवशाने चालावे लागते.

आणि नेमके तेच आज तुमच्या हातात अडकले आहे. पहिला क्वेस्ट २०१९मध्ये आला आणि २०२४मध्ये त्याचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. भिंगे शाबूत आहेत, मोटारसायकलसारखे त्यात झिजणारे फारसे काही नाही, तरी तुमच्या सॉफ्टवेअर-कुलुपामुळे मालकाला त्यावर अधिकृतपणे स्वतःची प्रणाली टाकता येत नाही. ‘एको व्हीआर’चे काय झाले तेही तुम्हाला माहीत आहे. गुरुत्वाकर्षण नसलेल्या मैदानात तरंगत, भिंतीला हाताने रेटा देऊन झेपावत, चकती गोलात फेकायची असा तो खेळ. हा खेळ पडद्यावर खेळताच येणार नाही, तो फक्त व्हीआरमध्येच जन्मू शकतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी तुमच्या कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. खेळणारे थोडे उरले असतील, पण होते, आणि त्यांनी कळकळीने विरोध केला होता. तुमच्या कंपनीत व्हीआरचे तंत्रज्ञान घडवून पुढे ती सोडून गेलेल्या जॉन कारमॅक यांनीही, थोड्या लोकांना मोलाची वाटणारी गोष्टसुद्धा शक्यतो नष्ट करू नये, अशीच बाजू जाहीरपणे मांडली. सुमारे वर्षभरानंतर तो खेळ घडवणारा रेडी ॲट डॉन स्टुडिओही राहिला नाही.

हे टाळता येते, आणि तुम्ही स्वतः एकदा टाळले आहे. ऑक्युलस गो या तुमच्या जुन्या हेडसेटची विक्री थांबल्यावर, २०२१मध्ये, कारमॅक यांच्या पाठपुराव्यामुळे तुमच्या कंपनीने त्या हेडसेटचे कुलूप काढणारी प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. ज्याच्याकडे गो आहे, तो त्यात हवे ते बसवू शकतो, आणि तुमचा एकही सर्व्हर चालू नसला तरी ते यंत्र वापरता येते. तुमच्या व्हीआरच्या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत आवडलेला निर्णय हाच आहे.

आमच्याकडे तर याची निकड जास्त आहे. तुम्ही अनेक वर्षे क्वेस्ट भारतात अधिकृतपणे विकला नाहीत. इथले हेडसेट अमेरिका-दुबईहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून आले, किंवा चढ्या भावाने आयात झाले. हक्काचे सर्व्हिस सेंटर नाही, वॉरंटी नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असा एक हेडसेट असेल, तर अपडेट थांबल्यावर तो कपाटात जातो. इंजिनिअरिंगची मुले तो उघडून, त्यावर प्रोग्रॅम लिहून आणखी पाच वर्षे चालवतील. त्यांना परवानगी तेवढी हवी आहे.

म्हणून आत्ताच, पुढचा हेडसेट बंद पडायची वाट न पाहता, जाहीर करा की कुठल्याही क्वेस्टचे सुरक्षा-अपडेट ज्या दिवशी थांबतील, त्याच दिवशी त्याचे कुलूप काढण्याची सोय मालकाला मिळेल. विकत घेतलेले ॲप तुमच्या खात्यात लॉगइन न करता, इंटरनेटशिवाय चालू द्या. जळीत कक्षातल्या नर्सला पट्टी सोडवताना पासवर्ड शोधायला लावू नका. खेळ बंद करायचा असेल तर त्याचा सर्व्हर-प्रोग्रॅम खेळाडूंच्या हवाली करा. सुरुवात पहिल्या क्वेस्टपासून आणि एको व्हीआरपासून करता येईल. दोन्हींतून तुम्हाला आता फारसे उत्पन्न नसावे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक क्वेस्टधारक