पंपाची भीती आणि गोळीवरचा विश्वास

राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवण्यास परवानगी दिली. त्या यादीत दम्यावरील साल्ब्युटामॉलच्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या, तसेच वाफेच्या यंत्रात घालावयाचे द्रावणही होते. कच्च्या मालाचे भाव वाढल्याने ही स्वस्त औषधे बनवणे परवडत नाही, असे उत्पादकांचे म्हणणे होते. या निर्णयाची चर्चा महागाईच्या अंगाने झाली आणि ते स्वाभाविकच होते. एक प्रश्न मात्र बाजूला राहिला. जे औषध फवाऱ्याच्या रूपाने थेट फुप्फुसात पोहोचवता येते, त्याच्या गोळ्यांवर आपण अजूनही इतके विसंबून का आहोत?

पुणे जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांत या प्रश्नाला वेगळी धार येते. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मंजुरी दिली. तरी बोलण्यात वेल्हे हेच नाव रुळलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५५ हजारांच्या घरात होती. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे अशा डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांवर चढ-उतार हा व्यायाम नसून रोजचे जगणे आहे. शाळा चढावर, पाणी उतारावर आणि भातखाचरे डोंगराच्या कुशीत. चालताना धाप लागणाऱ्याला येथे सपाट रस्त्याचा पर्याय नसतो.

त्यात या भागाची हवा वाटते तितकी निर्मळ राहत नाही. पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून राब भाजला जातो. उन्हाळ्यात गवताला वणवे लागतात, स्वयंपाकघरात चुलीचा धूर कोंडतो आणि भात झोडपताना बारीक कूस उडते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दरीत गारठा साचतो. श्वासनलिका आधीच संवेदनशील असलेल्या माणसाला यांतील एकेक गोष्ट त्रासदायक असते. मग त्यावर धावणे आले की छाती आवळते.

धावल्यानंतर छाती का आवळते

एरवी आपण नाकाने श्वास घेतो. नाकात हवा गरम आणि ओलसर होऊन पुढे जाते. धावताना श्वासाचा वेग वाढतो, तोंडाने श्वास घेतला जातो आणि कोरडी, थंड हवा मोठ्या प्रमाणात आत शिरते. तिला ओलावा देताना श्वासनलिकेच्या अस्तरातील पाणी कमी होते. त्यामुळे दाह निर्माण करणारी रसायने बाहेर पडतात आणि नलिकेभोवतीचे स्नायू आकसतात. खोकला, शिट्टीसारखा आवाज, छातीत जडपणा ही लक्षणे बहुधा व्यायाम थांबवल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत तीव्र होतात आणि अर्ध्या-एक तासात ओसरतात.

ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. मैदानीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याचे असतात. या दोन तालुक्यांतील अनेक तरुण-तरुणींच्या घराचे भवितव्य त्या काही मिनिटांवर अवलंबून असते. सरावानंतर रोज खोकल्याची उबळ येत असेल, तर ती ‘स्टॅमिना कमी’ म्हणून सोडून दिली जाते. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत दमा हे अपात्रतेचे कारण ठरत असल्याने त्रास लपवण्याकडेही कल असतो. लपवलेल्या त्रासावरचा उपाय मग डॉक्टरकडून घेतला जात नाही. तो औषधाच्या दुकानातून किंवा मित्राच्या खिशातून येतो.

धाप लागणे म्हणजे दमाच, असेही समजू नये. रक्तक्षय, हृदयाचे विकार, क्षयरोगानंतर फुप्फुसात राहिलेली जखम, ही कारणेही ग्रामीण भागात तितकीच संभवतात. म्हणून व्यायामापूर्वी आणि नंतर श्वासाचा जोर मोजणे हा निदानाचा पाया आहे. पूर्ण तपासणीचे यंत्र तालुक्याला नसले, तरी फुंकर मारून जोर मोजण्याची साधी नळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते.

मायक्रोग्रॅमचा हिशेब

‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘पंपाने हृदय कमकुवत होते’ ही वाक्ये मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर पंप कपाटाच्या आत जातो. या भीतीत तथ्य किती आहे, हे आकड्यांनीच तपासले पाहिजे.

साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम औषध असते. व्यायामापूर्वी दहा-पंधरा मिनिटे दोन दाब, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, ही नेहमीची मात्रा. एका ४ मिलिग्रॅमच्या गोळीत मात्र ४००० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे त्याच्या वीसपट. गोळी पोटातून रक्तात जाते आणि सर्व शरीरात फिरून थोडी फुप्फुसापर्यंत पोहोचते. पंपाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, गोळीला अर्धा तास किंवा अधिक लागतो.

हात थरथरणे, छातीत धडधडणे, डोके दुखणे, अस्वस्थ वाटणे हे साल्ब्युटामॉलचे परिचित दुष्परिणाम आहेत. मोठ्या मात्रेत रक्तातील पोटॅशियम घटते आणि साखर वाढते. हे परिणाम पंपानेही होतात. पण मात्रा अल्प असल्याने ते बहुधा सौम्य असतात आणि काही वेळात जातात. गोळीने आणि खोकल्याच्या ज्या औषधांत साल्ब्युटामॉल मिसळलेले असते त्यांनी ते अधिक होतात. ज्या दुष्परिणामांच्या भीतीने पंप नाकारला जातो, तेच दुष्परिणाम गोळीच्या रूपाने जास्त प्रमाणात पदरी पडतात, हा या समजुतीतला विरोधाभास आहे.

खेळाडूंच्या बाबतीत तर जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने हा फरक नियमातच घातला आहे. पंपातून घेतलेले साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. त्याच औषधाची गोळी मात्र विशेष परवानगीविना निषिद्ध आहे. कबड्डी, खो-खो किंवा लांब पल्ल्याच्या धावण्यात राष्ट्रीय स्तरावर जाऊ इच्छिणाऱ्या मावळातील खेळाडूला ही माहिती प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात द्यायला हवी.

भीतीला इतिहास आहे

पंपाची भीती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत आयसोप्रिनॅलिनचे तीव्र मात्रेचे फवारे आले आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंची संख्या चढली. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर तसेच घडले. फेनोटेरॉल या औषधाकडे बोट दाखवणारे संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा वापर आटोक्यात आणल्यावर मृत्यू घटले. अमेरिकेत साल्मेटेरॉल या दीर्घकाळ काम करणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २००३ मध्ये मध्येच थांबवण्यात आली. त्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात तीन. त्यानंतर वेष्टनावर ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले. स्टेरॉइडसोबत दिल्यास हा वाढीव धोका दिसत नाही, असे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाल्यावर एकत्रित औषधांवरचा तो इशारा २०१७ मध्ये काढण्यात आला.

या साऱ्यातून निघालेला धडा असा की, केवळ नलिका रुंद करणारे औषध लक्षणे झाकते, आतला दाह तसाच ठेवते. ते रोज घेतल्यास शरीर त्याला सरावते आणि व्यायामापूर्वी मिळणारे संरक्षण कमी होत जाते. ‘सवय लागते’ या लोकसमजुतीत सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच आहे. म्हणूनच दम्यावरील जागतिक मार्गदर्शक गटाने २०१९ पासून केवळ साल्ब्युटामॉलवर दमेकऱ्याला ठेवू नये, अशी भूमिका घेतली. गरजेनुसार किंवा व्यायामापूर्वी अल्प मात्रेतील स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल यांचे एकत्रित औषध घ्यावे, हा पर्याय आता पौगंडावस्थेतील मुले आणि प्रौढांसाठी पुढे आला आहे. वर्षाला साल्ब्युटामॉलचे तीन किंवा अधिक डबे लागत असतील, तर दमा आटोक्यात नाही आणि झटक्याचा धोका वाढला आहे, असे समजावे.

स्टेरॉइड या शब्दाची धास्ती

स्टेरॉइड म्हटले की पालक बिचकतात. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम आहेतच. तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज घोगरा होतो. पंपासोबत स्पेसर नावाची पोकळ नळी वापरल्यास आणि नंतर चूळ भरून पाणी थुंकल्यास यातील बराचसा त्रास टळतो. मुलांच्या उंचीवरही परिणाम होतो. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लहानपणी काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी आढळली. ही किंमत पालकांना स्पष्ट सांगावी आणि मुलाची उंची नियमित मोजावी. त्याच वेळी हेही सांगावे की, वारंवार झटके आल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनी हाडे, साखर, रक्तदाब आणि वाढ यांवर होणारा परिणाम कितीतरी मोठा असतो.

‘स्टेरॉइड नको, साधी गोळी द्या’ म्हणणाऱ्यांच्या हाती अनेकदा मॉन्टेल्युकास्ट येते. ॲलर्जीच्या औषधासोबत ती आपल्याकडे सर्दीवरही सहज लिहिली जाते. या औषधाने काहींना झोप बिघडणे, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे मानसिक परिणाम होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. गोळी म्हणजे निरुपद्रवी आणि पंप म्हणजे घातक, ही विभागणी येथेही टिकत नाही.

दमेकऱ्याने इतर औषधांबाबतही सावध राहायला हवे. रक्तदाब किंवा धडधडीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आकसवू शकते. राजगड-तोरण्याची चढण केल्यावर अंग दुखते म्हणून घेतलेल्या ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकानेही काही दमेकऱ्यांना तीव्र झटका येतो.

तालुक्यात काय व्हावे

भारतात दम्याचे निदान आणि उपचार दोन्ही अपुरे आहेत. देशातील विविध केंद्रांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत छातीत घरघर असणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांचे दम्याचे निदान झालेलेच नव्हते. रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे तर अडीच टक्क्यांहूनही कमी होते. मे २०२५ मधील जागतिक दमा दिनाचे घोषवाक्यही श्वासावाटे घ्यावयाची औषधे सर्वांना मिळावीत, हेच होते.

केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आता दमा आणि दीर्घकालीन श्वसनविकारांचा समावेश आहे. त्याचा अर्थ भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापुरता मर्यादित राहू नये. पानशेतपलीकडच्या किंवा केळदच्या बाजूच्या रुग्णाला रात्री झटका आल्यास घाटरस्त्याने रुग्णालय गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. त्याच्या घरात योग्य पंप आणि स्पेसर असणे, हीच त्याची पहिली रुग्णवाहिका. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांच्या बरोबरीने स्टेरॉइडचे पंप नियमित मिळायला हवेत. पंप ओढण्याची पद्धत दाखवण्यासाठी पाच मिनिटे देणारी परिचारिका किंवा आशा सेविका हवी. चुकीच्या पद्धतीने ओढलेले औषध घशात राहते, गुण येत नाही आणि मात्रा वाढत जाते. दुष्परिणामांची सुरुवात बहुधा येथूनच होते.

औषध विक्रेत्यांनी चिठ्ठीविना पंप आणि गोळ्या देणे थांबवावे आणि वर्षातला तिसरा डबा मागणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवावे. भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गांनी सरावापूर्वी दहा-पंधरा मिनिटांचे टप्प्याटप्प्याने अंग मोकळे करणे सक्तीचे करावे. थंडीत नाका-तोंडावर रुमाल बांधू द्यावा, धुराच्या दिवशी मैदान टाळावे आणि खोकणाऱ्या मुलाला आळशी ठरवू नये. दमा असलेल्यांनी योग्य उपचार घेऊन खेळावे, असेच वैद्यकशास्त्र सांगते. व्यायाम सोडणे हा त्यावरचा उपाय नाही.

गोळ्यांच्या वाढलेल्या किमतीची चिंता गरिबांच्या दृष्टीने खरी आहे. पण खर्च मोजायचा तर तो पूर्ण मोजावा लागेल. त्यात झटक्यानंतर पुण्याला नेण्याचे भाडे आले, बुडालेली मजुरी आली, हुकलेली भरती आली आणि स्वस्त म्हणून वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांनी शरीराची केलेली झीजही आली. हा हिशेब शासनाने औषधखरेदीच्या टेबलावर आणि कुटुंबाने घरात मांडला, तर कपाटात दडवलेला पंप बाहेर येण्यास अडचण पडू नये.